भिंत ओली असतानाच

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन मंगळुरूला गेले होते. तिथल्या सेंट अलॉयशियस कॉलेजचं चॅपेल पाहिलं आणि थक्क झाले. भिंती, कमानी, छत, कुठे बोटभर जागा मोकळी नाही. आमच्याबरोबरच्या एका पर्यटकानं सांगितलं की हे सगळे फ्रेस्को आहेत आणि ‘फादर मोशेनी’ नावाच्या इटालियन पाद्र्यानं ते काढले. मी शाळेत फ्रेस्कोची व्याख्या शिकवते, पण ओल्या गिलाव्यावर चित्र काढतात म्हणजे नेमकं काय करतात, ते मलाच धड माहीत नाही. आणि इतका पाऊस पडणाऱ्या गावात ते टिकलं कसं?
– चित्रकला शिक्षिका, कुडाळ

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचलं आणि मी त्या चॅपेलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तो दिवस आठवला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. आत गेल्यावर सगळे वर बघत होते. मी मात्र भिंतीच्या पायाशी बघत होते, लोणा, म्हणजे ओलीबरोबर येऊन भिंतीवर फुटणारा क्षार, लागलाय का ते. ही सवय वडिलांची. ते वेंगुर्ल्याचे गवंडी, चुन्यात काम करणाऱ्या शेवटच्या पिढीतले. कुठल्याही देवळात गेले तरी आधी भिंत बघायचे, मग देव.

आधी नावाचं सांगते. चित्रकार अंतोनियो मोस्केनी. इटालियनमध्ये उच्चार ‘मोस्केनी’ असा होतो, आपल्याकडे बरेच जण ‘मोशेनी’ म्हणतात. ते फादर नव्हते, ब्रदर होते. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दीक्षा घेतलेले, पण मिस्सा म्हणणारे धर्मगुरू नव्हेत. स्वयंपाक, सुतारकाम, बागकाम, शिवणकाम अशी हातची कामं संघात ब्रदर लोक करत. मोस्केनींच्या हाती चित्रकला होती. हा फरक मी मुद्दाम सांगते आहे, कारण हा माणूस समजून घ्यायचा तर तो हातानं काम करणारा होता हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

त्यांचा जन्म १८५४चा, उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या स्तेत्झानो गावी. बेर्गामोच्या कारारा अकादमीत शिकले. चित्रकार म्हणून बस्तान बसलेलं असताना, पस्तिशीत, १८८९मध्ये ते जेझुइट संघात गेले. १८९९मध्ये मंगळुरूला आले तेव्हा पंचेचाळिशी गाठली होती. पुढची साधारण दोन वर्षं त्यांनी या एका चॅपेलमध्ये घालवली.

चॅपेलची इमारत त्यांच्या आधीची, १८८०च्या दशकाच्या मध्यावर उभी राहिलेली. म्हणजे दीड दशक या भिंती कोऱ्याच होत्या. मला हे फार मोलाचं वाटतं. नव्या भिंतीवर घाईनं केलेलं हे काम नव्हे. त्या भिंतीनं पंधराएक पावसाळे बघितले होते. कुठे ओल येते, कुठे तडा जातो, जे काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. वडील म्हणायचे, भिंत तीन पावसाळे बघू दे, मग तिला शेवटचा हात द्यावा.

आता गिलाव्याकडे येते. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की चुनकळी होते. ती पाण्यात टाकली की खदखदा उकळते, वाफा येतात. जवळ उभं राहू द्यायचे नाहीत आम्हाला. असा विरलेला चुना खड्ड्यात महिनोन्‌महिने मुरवायचा. मुरला की तो लोण्यासारखा होतो, चिमटीत धरला तर खडा लागता कामा नये. तो वाळूत कालवून भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. फ्रेस्कोचं सगळं मर्म या ‘पुन्हा दगड होण्यात’ आहे. गिलावा ओला असताना नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. डिंक नाही, सरस नाही, तेल नाही. चुना सुकताना पृष्ठभागावर दगडाचं पातळ, पारदर्शक कवच धरतो आणि रंगाचे कण त्या कवचात अडकतात. त्यामुळे चित्र भिंतीवर बसत नाही, भिंतच चित्र होते. मुलांना शिकवताना एवढं वाक्य सांगितलंत तरी पुरे.

याचा परिणाम असा, की सगळी भिंत एकदम गिलावून चालत नाही. खालचा जाडाभरडा थर आधी द्यायचा. वरचा मऊ थर मात्र आज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागाला. एखादा चेहरा आणि दोन हात, एवढंच कधी कधी. कागदावरच्या आराखड्याला रेषेवरून टोचे मारायचे, तो ओल्या भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखंच. मग सहा-आठ तास हातात. संध्याकाळी उरलेला कोरा गिलावा तिरपा कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या कडेला नवा जोडायचा. चुकलं तर खोडरबर नाही, तो तुकडा खरवडून पुन्हा गिलावा. शिवाय ओला असताना रंग गडद दिसतो आणि सुकल्यावर उजळतो. म्हणजे आज दिसतंय ते न रंगवता, महिन्यानं दिसेल ते रंगवायचं.

रंगही सगळे चालत नाहीत. चुना जहाल असतो, कित्येक रंग तो खाऊन टाकतो. टिकतात ते बहुतेक मातीचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, लोखंडाचे तपकिरी. पांढरा म्हणजे चुनाच.

आणि पाऊस? मंगळुरूला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तुम्ही कुडाळच्या, तुम्हाला आकडा सांगायची गरज नाही. हवेतल्या दमटपणानं फ्रेस्कोचं बिघडत नाही, उलट चित्रकाराला फायदाच होतो. एप्रिलच्या कोरड्या उन्हात गिलावा पटकन ओढतो, हात चालवायला वेळ मिळत नाही. पावसाळी हवेत तो जास्त वेळ जिवंत राहतो. अंगठ्याच्या मागच्या बाजूनं हलकेच दाबून बघायचं: ठसा उमटता कामा नये, पण गारवा लागला पाहिजे. वडिलांनी मला हे नऊ वर्षांची असताना शिकवलं. पुढे कोल्हापुरात चित्रकला शिकायला गेले तेव्हा वर्गात हे एकट्या मलाच ठाऊक होतं. भिंतीचा खरा शत्रू हवेतली ओल नव्हे. भिंतीच्या आतून येणारं पाणी तिला मारतं: फुटक्या कौलातून उतरणारं आणि जोत्यातून वर चढणारं. ते येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार कवचाखाली फुलतात आणि रंगासकट कवच सोलून काढतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाही, सगळं फ्रेस्को नाही. भिंतींवर फ्रेस्को आहेत, पण छतावरची चित्रं कॅनव्हासवर तेलरंगात केलेली आहेत. मला यात तडजोड दिसत नाही, शहाणपण दिसतं. छत वाऱ्यापावसात थोडं हलतं, उन्हानं तापतं. चुना ते सोसत नाही, तडकतो. कापड सोसतं. पुढच्या खेपेला जाल तेव्हा भिंतीवरून नजर सावकाश वर न्या. भिंतीवरचा रंग खडूसारखा, आतून उजळल्यासारखा दिसतो. वरचा जास्त खोल आणि किंचित तुकतुकीत. जिथे हा बदल जाणवेल तिथे माध्यम बदललं.

आणि एक. आपल्याकडे भिंतीवरच्या कुठल्याही जुन्या चित्राला फ्रेस्को म्हणायची पद्धत पडली आहे. अजिंठ्याची चित्रं या अर्थानं फ्रेस्को नाहीत. तिथे मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, वर पांढऱ्याचा पातळ हात, आणि रंग सुकलेल्या भिंतीवर चिकटद्रव्यात कालवून लावलेले. दोन्ही थोर, पण जात वेगळी. मुलांना हे जरूर सांगा.

प्रश्न : त्या चॅपेलमधले येशू, प्रेषित, संत सगळे गोरे, युरोपीय. मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. आमच्या आजीचं लाल लुगडं, तिचे दागिने, आमची भाषा असलं काही चित्रात का नसावं? त्या चित्रकाराला आपली माणसं दिसलीच नाहीत का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, वसई

उत्तर : तुझा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. चेहरे युरोपीय आहेत, खरं आहे. बेर्गामोला शिकलेल्या त्या काळच्या चित्रकाराच्या हातात तेच चेहरे बसलेले होते. चित्रांचे विषयही तिकडचेच. छताच्या मधल्या रांगेत संत अलॉयशियस गोंझागाचं आयुष्य आहे. हा १५६८ साली सरदार घराण्यात जन्मला. लहानपणी त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद (होली कम्युनियन) मिलानच्या कार्डिनल चार्ल्स बोरोमिओंनी दिला, तो प्रसंग तिथे आहे. वारसा सोडून तो जेझुइट झाला, रोममधल्या साथीत रोग्यांची सेवा करता करता आजारी पडला आणि १५९१मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. पुढे चर्चनं त्याला तरुणांचा आश्रयदाता संत मानलं, म्हणून शाळाकॉलेजांना त्याचं नाव देतात. तुझ्याएवढ्याच मुलाचं आयुष्य तुझ्याएवढ्या मुलांच्या डोक्यावर रंगवलंय, ते लक्षात घेऊन बघ.

पण छताचा उतरता भाग नीट बघितलास का? तिथे प्रेषितांची चित्रं आहेत, आणि त्यांच्या आसपास फुलांच्या माळा. या देशात पाहुणा आला तरी हार आणि माणूस गेला तरी हार, हे मोस्केनींनी पाहिलं आणि म्हणून त्या माळा तिथे आल्या, असं तिथे सांगतात. इटालियन चित्रांत फुलांच्या माळा नसतात असं नाही, भरपूर असतात. तरीही मी हा अर्थ मानते. परक्या गावात आलेल्या माणसाला पहिल्यांदा काय दिसतं? बाजारातली फुलं. मी तिथे मान वर करून पंधरा मिनिटं त्या माळा बघत होते. चेहऱ्यांपेक्षा त्या मला जास्त जवळच्या वाटल्या.

दुसरं म्हणजे, ‘आपली माणसं’ त्या भिंतीवर नसली तरी त्या भिंतींच्या मागे आहेत. मंगळुरूचे कॅथलिक मूळचे बहुतांशी गोव्याकडून तिकडे गेलेले, घरात कोकणी बोलणारे. १७८४मध्ये टिपू सुलतानानं त्यांना हजारोंनी श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेलं. १७९९मध्ये टिपू पडल्यावर जे उरले ते परतले आणि शून्यातून घरं उभी केली. तिसऱ्या-चौथ्या पिढीला आपल्या मुलांसाठी उच्च शिक्षण हवं होतं, म्हणून त्यांनी रोमकडे जेझुइटांची मागणी लावून धरली. १८७८च्या ३१ डिसेंबरला पहिले जेझुइट मंगळुरूला उतरले आणि १८८०च्या जानेवारीत कॉलेज सुरू झालंही. टेकडीवरची जागा दिली ती लोबो प्रभू घराण्यानं. ते आडनाव पुन्हा एकदा वाच. लोबो पोर्तुगीज, प्रभू आपलं. धर्म बदलला तरी जुनं आडनाव त्यांनी टाकलं नाही, नव्याच्या शेजारी ठेवलं. तुझ्या आजीनं लुगडं ठेवलं तसंच.

आपली वेशभूषा चित्रात यावी ही तुझी इच्छा मात्र सोडू नकोस. ती चित्रं तुम्ही मुलांनी काढायची आहेत.

प्रश्न : या चॅपेलला ‘भारताचं सिस्टीन चॅपेल’ म्हणतात. योग्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मला पटत नाही. सिस्टीन चॅपेल म्हणजे व्हॅटिकनमधलं पोपचं खासगी प्रार्थनागृह, त्याचं छत मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं. त्या छतावर फ्रेस्को आहे, मंगळुरूच्या छतावर कॅनव्हास. तिथे जगाच्या उत्पत्तीची कथा, इथे एका विद्यार्थ्याची. हे शाळाकॉलेजातल्या मुलांचं चॅपेल आहे, सकाळी प्रार्थनेला येणाऱ्या पोरांसाठी रंगवलेलं. मुलांना जवळ घेणारा येशू तिथे आहे आणि मला तरी त्या चित्रापुढून लवकर हलवत नाही. मोठ्या नावाची उपमा दिली की माणसं ती उपमा बघून येतात, भिंत बघायची राहून जाते.

मोस्केनींचं आणखी काम बघायचं असेल तर मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये बघा, आणि कोचीला गेलात तर सांता क्रूझ बॅसिलिकेत. कोचीचं काम त्यांचं शेवटचं. त्या चर्चचा अभिषेक १९ नोव्हेंबर १९०५ला झाला आणि मोस्केनी १५ नोव्हेंबरला वारले. चार दिवस आधी. वय एक्कावन्न.

प्रश्न : आमच्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेत छोटं चॅपेल आहे. वेदीच्या मागे भिंतीवर जुनं चित्र आहे, खालचा दीड हात भाग पापुद्रे सुटून पडतो आहे. माजी विद्यार्थिनींनी पैसे जमवले आहेत. कंत्राटदार म्हणतो, खालचा भाग खरवडून सिमेंटचा गिलावा करू, वॉटरप्रूफ प्लास्टिक पेंट लावू आणि पेंटर बोलावून चित्र ‘टच अप’ करून घेऊ. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे. करू का?
– माजी विद्यार्थिनी, रायगड जिल्हा

उत्तर : करू नका. हात जोडून सांगते, करू नका.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या चॅपेलमध्ये मला बोलावलं, तेव्हा हेच सगळं करून झालं होतं. खाली चकचकीत सिमेंट. चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर सोडते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंटनं तिचं नाक दाबलं. जोत्यातून चढणाऱ्या पाण्याला खाली वाट उरली नाही, ते आणखी वर चढलं. पूर्वी दीड हातावर असलेला लोणा तीन हातांवर आला आणि चित्रातल्या देवदूताच्या पायांपर्यंत पोचला. मी बोटाच्या पेरानं भिंतीवर हलकेच टकटक केलं. गिलावा भिंतीला धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटला असेल तर रिकाम्या डब्यासारखा. पायांपासून गुडघ्यांपर्यंत सगळा पोकळ आवाज. दोन महिन्यांनी तो भाग खाली आला. तिथल्या सिस्टरनी तुकडे गोळा करून एका बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. भुगाच होता तो, जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी पैसे मायेनंच जमवले होते, तुमच्यासारखेच.

तुम्ही आधी चित्राकडे पाठ करा आणि बाहेर जा. त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काय आहे? पन्हळीचं पाणी तिथेच पडतं का? अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना जमीन जोत्याच्या वर आली का? भिंतीला टेकून कुंड्या, पाण्याची टाकी, नळ? छपरावर माणूस चढवून फुटकी कौलं, सरकलेले कोनेरे बघून घ्या. यंदाच्या पावसाळ्याआधी जमलेल्या पैशांतून फक्त एवढंच करा: कौलं, पन्हळी, आणि भिंतीपासून पाणी लांब जाईल असा उतार. भिंतीला एक-दोन वर्षं सुकू द्या. घाई वाटेल, पण भिंत तिच्या वेगानंच सुकते.

चित्राला पाणी, साबण, ब्रश, ओलं फडकं काहीही लावू नका. सुटलेले पापुद्रे पडतील त्याखाली स्वच्छ कापड अंथरा, पडलेला प्रत्येक तुकडा कुठून पडला ते लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. संध्याकाळी दिवे मालवून बॅटरीचा झोत भिंतीच्या कडेनं तिरपा टाका आणि फोटो काढा. फुगलेला भाग त्या उजेडात लगेच उठून दिसतो. असे फोटो दर दोन महिन्यांनी काढलेत तर दुखणं वाढतंय की थांबलंय ते कळेल.

मग जतन करणाऱ्या तज्ज्ञांना बोलवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृती जतनाचं केंद्र आहे. ‘इंटॅक’ ही वारसा जपणारी संस्थाही अशी कामं करते. मंगळुरूच्या चॅपेलचं जतनकाम १९९०च्या दशकात इंटॅकच्याच लखनौच्या तज्ज्ञांनी केलं. ‘टच अप’ हा शब्द मात्र काढून टाका. जुन्या रंगावर नवा रंग चढवायचा नसतो. सुटलेलं चिकटवायचं, गेलेली जागा शांत रंगानं भरायची, आणि पुढच्या माणसाला ते काढता यावं असं साहित्य वापरायचं. खर्च कंत्राटदारानं सांगितला त्याहून जास्त येईल. कदाचित दोन टप्प्यांत करावा लागेल. तुम्ही पुन्हा लिहा, फोटो पाठवा, मी उत्तर देईन.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या बाईंनी चॅपेलचे फोटो दाखवले. एवढ्या उंचावर चित्र काढताना मान दुखत नाही का?
– एक विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : दुखते गं. मी परांचीवर उभी राहून नुसती साफसफाई करते तरी रात्री मानेला शेक द्यावा लागतो. कॅनव्हासची चित्रं खाली रंगवून मग वर चढवता येतात, भिंतीवरची मात्र तिथेच उभं राहून काढावी लागतात. रंग हातावरून ओघळून कोपरापर्यंत येतो, म्हणून मनगटाला फडकं बांधतात. तुला करून बघायचं असेल तर एका जुन्या कौलाच्या पाठीवर बाईंकडून चुना-वाळूचा पातळ गिलावा करून घे. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, हातमोजे घाल. गेरू पाण्यात कालव आणि गिलावा ओला आहे तोवर एक पान काढ. महिनाभर सावलीत ठेव, मग ओल्या बोटानं पुसून बघ. रंग बोटाला लागला नाही तर मला पत्र लिही.